अमेरिकेतील आरोग्यसेवा सुधारणा आणि बालकांचे विमासंरक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बालकांचा आरोग्य विमा ही एकसंध योजना नाही. सुमारे निम्म्या मुलांना आईवडिलांच्या नोकरीतून मिळणाऱ्या खासगी विम्याचा आधार असतो. गरीब कुटुंबांतील मुलांसाठी मेडिकेड ही सरकारी योजना आहे, आणि मेडिकेडच्या मर्यादेपेक्षा काहीसे अधिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी ‘चिप’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा बालक आरोग्य विमा कार्यक्रम आहे. २०१० सालच्या ‘परवडणारी आरोग्यसेवा कायद्या’ने (प्रचलित नाव ‘ओबामाकेअर’) सरकारच्या देखरेखीखालील विमा-बाजाराची चौथी वाट खुली केली. मेडिकेड आणि चिप मिळून २०२४ साली सुमारे पावणेचार कोटी मुलांना संरक्षण देत होत्या.

१९९७ साली दर सात अमेरिकी मुलांपैकी जवळपास एक मूल विम्याविना होते. २०१६पर्यंत हे प्रमाण ४.७ टक्क्यांवर आले. त्यानंतर ते वाढून २०१९ साली ५.७ टक्के झाले, कोविड-१९ महासाथीच्या काळात पुन्हा घटले आणि २०२३ साली ५.४ टक्के होते. या चढउतारांचे कारण केवळ पात्रतेच्या नियमांत सापडत नाही. विमा नसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले मेडिकेड किंवा चिपसाठी मुळातच पात्र असतात. कायद्याने हक्क दिलेला असतो, पण मुलाचे नाव यादीत नसते. त्यामुळे बालकांच्या विम्याचा इतिहास हा जितका कायद्यांचा, तितकाच अर्ज, नूतनीकरण आणि टपालाने येणाऱ्या सूचनापत्रांचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत वेतनवाढीवर सरकारी नियंत्रण होते. कामगार टिकवण्यासाठी मालकांनी वेतनाऐवजी आरोग्य विमा देऊ केला. पुढे या लाभाला करातून सूट मिळाली आणि विमा नोकरीशी कायमचा जोडला गेला. या व्यवस्थेत मूल विम्यात येते ते ‘आश्रित’ म्हणून. आईची किंवा वडिलांची नोकरी गेली, अथवा मालकाने कुटुंबासाठीचा हिस्सा देणे थांबवले, की मुलाचे संरक्षणही जाते.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना अस्तित्वात आल्या. मेडिकेडचा खर्च केंद्र व राज्य सरकारे वाटून घेतात आणि कारभार राज्ये पाहतात. आरंभी ही योजना रोख मदत घेणाऱ्या कुटुंबांपुरती होती. सरकारी मदतीवर न जगणाऱ्या, पण तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्या घरातील मूल तिच्या बाहेरच राहत असे.

मेडिकेडमधील बालकांविषयीची सर्वांत महत्त्वाची तरतूद १९६७ साली आली, आणि तिच्या मुळाशी लष्करभरती होती. ‘वन-थर्ड ऑफ अ नेशन’ या जानेवारी १९६४मधील सरकारी अहवालाने दाखवून दिले, की भरतीच्या वयाच्या तरुणांपैकी सुमारे एकतृतीयांश तरुण सैनिकी सेवेसाठी अपात्र ठरतील. त्यांतील कितीतरी जणांचे विकार बालपणी तपासणी झाली असती तर बरे होण्याजोगे होते. यातून ‘लवकर व ठरावीक काळाने तपासणी, निदान आणि उपचार’ हे बंधन मेडिकेडवर घालण्यात आले. १९८९ साली ते अधिक कडक झाले. तपासणीत आढळलेल्या विकारावर वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार बालकाला मिळालाच पाहिजे, मग तोच उपचार संबंधित राज्य प्रौढांना देत असो वा नसो, असा दंडक घातला गेला. बालकांना इतका भक्कम हक्क अमेरिकेतील नंतरच्या कोणत्याही सुधारणेने दिलेला नाही. २०१०च्या कायद्यानेही नाही.

१९८०च्या दशकात मेडिकेड आणि रोख मदत यांची गाठ हळूहळू सुटत गेली. कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी या विस्तारांचा सातत्याने पाठपुरावा केला. १९८९च्या कायद्याने सहा वर्षांखालील मुलांसाठी दारिद्र्यरेषेच्या १३३ टक्क्यांपर्यंतच्या उत्पन्नाची मर्यादा सर्व राज्यांना बंधनकारक केली. १९९०च्या कायद्याने दारिद्र्यरेषेखालील ६ ते १८ वयोगटातील मुलांना टप्प्याटप्प्याने सामावून घेण्याचे ठरले. मात्र खर्च आवरण्यासाठी ३० सप्टेंबर १९८३ नंतर जन्मलेल्या मुलांपुरतीच ही सवलत देण्यात आली. सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी जन्मलेले मूल बाहेर आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेले आत, असा तो काटेकोर नियम होता.

या कृत्रिम सीमारेषेचा संशोधकांना मात्र उपयोग झाला. लॉरा व्हेरी आणि ब्रूस मेयर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची तुलना केली. सीमेनंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये १५ ते १८ या वयात आजारांमुळे होणारे मृत्यू कमी झाल्याचे त्यांना आढळले. त्यापूर्वी, १९९६ साली जेनेट करी आणि जोनाथन ग्रुबर यांनी मेडिकेडच्या विस्तारामुळे मुलांच्या डॉक्टरांकडील भेटी वाढल्या आणि बालमृत्यू घटले, असे दाखवले होते. पात्र झालेल्यांपैकी बरीच मुले प्रत्यक्षात नोंदलीच गेली नाहीत, हेही त्यांच्याच अभ्यासात दिसले. डेव्हिड ब्राउन, अमांडा कोवाल्स्की आणि इथाई लुरी यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, बालपणी मेडिकेडसाठी अधिक काळ पात्र असलेली मुले मोठेपणी महाविद्यालयात अधिक संख्येने गेली आणि त्यांनी कर अधिक भरला.

बालक आरोग्य विमा कार्यक्रम (चिप)

राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांची सर्वांसाठी विम्याची योजना १९९४ साली काँग्रेसमध्ये बारगळली. सर्वांचा विमा जमत नसेल, तर निदान मुलांचा तरी करावा, या विचारातून डेमोक्रॅटिक पक्षाचे एडवर्ड केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे ऑरिन हॅच हे दोन सेनेटर एकत्र आले. तंबाखूवरील कर वाढवून त्यातून पैसा उभा करण्याची त्यांची कल्पना होती. ऑगस्ट १९९७मध्ये संतुलित अर्थसंकल्प कायद्याचा भाग म्हणून चिप मंजूर झाली.

चिपमध्ये केंद्राचा वाटा मेडिकेडपेक्षा मोठा असतो, परंतु निधी ठरावीक असतो. मेडिकेडमध्ये पात्र व्यक्तीला नाकारता येत नाही. चिपमध्ये निधीची मर्यादा आणि मुदत दोन्ही आहेत. अ‍ॅरिझोनाने २०१०च्या आरंभी आर्थिक तंगीमुळे आपल्या चिपमधील नवी नोंदणी गोठवली, ती २०१६पर्यंत पूर्ववत झाली नाही. बहुतेक राज्यांनी उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक ठेवली आहे. (२०२४ साली चौघांच्या कुटुंबासाठी दारिद्र्यरेषा वार्षिक ३१,२०० डॉलर होती.) राज्यांनी आपापल्या योजनांना स्वतंत्र नावेही दिली: जॉर्जियात ‘पीचकेअर फॉर किड्स’, अलाबामात ‘ऑल किड्स’, न्यू जर्सीत ‘एनजे फॅमिलीकेअर’. सरकारी मदतीचा शिक्का बसू नये हा हेतू चांगला होता. मात्र वॉशिंग्टनमध्ये ‘चिप’वर वाद रंगला, की तो आपल्याच मुलाच्या विम्याविषयी आहे, हे अनेक पालकांच्या लक्षातही येत नसे.

चिपच्या मुदतवाढीवरून २००७ साली मोठा संघर्ष झाला. काँग्रेसने मंजूर केलेल्या विस्तारावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये असा दोनदा नकाराधिकार वापरला. मध्यमवर्गीय मुले खासगी विमा सोडून सरकारी योजनेत येतील, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी मेरीलँड राज्यात एका शाळकरी मुलाच्या किडलेल्या दाताचा जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून त्याचा मृत्यू झाला. त्या कुटुंबाला मेडिकेडचे रुग्ण घेणारा दंतवैद्य मिळत नव्हता आणि मधल्या काळात मेडिकेडही खंडित झाले होते. दात काढण्याचा खर्च सुमारे ८० डॉलर आला असता; रुग्णालयातील उपचारांवर सुमारे अडीच लाख डॉलर खर्च झाले. या घटनेची चर्चा काँग्रेसच्या सुनावण्यांत झाली.

४ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी चिपच्या पुनर्मान्यता कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याने दंतोपचार चिपमध्ये बंधनकारक केले आणि सिगारेटच्या पाकिटावरील केंद्रीय कर ३९ सेंटवरून सुमारे १ डॉलर १ सेंटवर नेला. कायदेशीर वास्तव्य असलेल्या स्थलांतरित मुलांना पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. ही अट काढून टाकण्याची मुभा राज्यांना मिळाली. नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना याची गरज एरवी पडत नाही, कारण विमा नोकरीतूनच मिळतो. नोकरी सुटली, की मात्र आपण कोणत्या राज्यात राहतो आणि त्या राज्याने ही मुभा घेतली आहे का, हा प्रश्न मुलांच्या दृष्टीने एकाएकी महत्त्वाचा होतो.

परवडणारी आरोग्यसेवा कायदा, २०१०

२३ मार्च २०१० रोजी अमलात आलेल्या या कायद्याचा मुख्य रोख विमा नसलेल्या प्रौढांवर होता. मुलांसाठीच्या तरतुदी त्यात विखुरलेल्या आहेत आणि त्यांतील काही प्रौढांच्या आधी लागू झाल्या.

यांपैकी पहिली तरतूद आधीपासून असलेल्या आजारांविषयीची आहे. पूर्वी स्वतंत्र विमा विकत घेणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या दम्याचे, मधुमेहाचे किंवा जन्मजात हृदयदोषाचे कारण सांगून विमा कंपनी नकार देऊ शकत असे. २३ सप्टेंबर २०१०पासून सुरू होणाऱ्या विमावर्षांत १९ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ही मनाई लागू झाली. प्रौढांना मात्र २०१४पर्यंत थांबावे लागले. मधल्या काळात एक अनपेक्षित परिणाम झाला. आजारी मुलांचेच पालक विमा घेतील या भीतीने अनेक कंपन्यांनी केवळ मुलांसाठीची पॉलिसी विकणेच बंद केले. हक्क मिळाला, पण विकत घ्यायला पॉलिसी नाही, अशी स्थिती काही राज्यांत निर्माण झाली. २०१४मध्ये सर्व वयोगटांना नियम लागू झाल्यावरच ती पुरती निवळली.

विमा कंपन्यांनी घातलेली आजीवन खर्चमर्यादा रद्द झाली, याचा लाभ थोड्या मुलांना पण फार मोठा झाला. अनेक पॉलिसींत दहा ते वीस लाख डॉलरची मर्यादा असे. कित्येक महिने अतिदक्षता विभागात राहिलेले अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा हिमोफिलियाचा रुग्ण असलेले मूल ही मर्यादा शाळेत जाण्यापूर्वीच संपवू शकत असे.

अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘ब्राइट फ्युचर्स’ मार्गदर्शिकेनुसार होणाऱ्या तपासण्या आणि लसीकरण यांसाठी, मोजक्या जुन्या पॉलिसी वगळता, खासगी विमाधारक कुटुंबाकडून वेगळे पैसे घेण्यास बंदी झाली. २६ वर्षांपर्यंत मुलांना आईवडिलांच्या विम्यात राहण्याची सोय मिळाली आणि २०१३पर्यंत वीस लाखांहून अधिक तरुण त्यामुळे विम्यात आले. मुळात सरकारी पालनगृहांत वाढलेल्या मुलांना आईवडिलांचा विमा नसतो. म्हणून पालनगृहातून १८व्या वर्षी बाहेर पडलेल्यांना २६ वर्षांपर्यंत मेडिकेड देण्यात आले. मरणासन्न मुलाच्या बाबतीतही एक मोलाची सुधारणा झाली. पूर्वी शुश्रूषागृहाची सेवा घ्यायची, तर आजार बरा करण्याचे उपचार सोडून द्यावे लागत. मेडिकेड आणि चिपमधील मुलांसाठी ही अट काढण्यात आली. एवढी मानवी तरतूद कायद्याच्या गदारोळात जवळजवळ दुर्लक्षित राहिली.

कायद्याने ठरवलेल्या दहा अत्यावश्यक सेवांत ‘बालकांच्या सेवा, दंत व नेत्रसेवेसह’ ही दहावी आहे. परंतु तिची नेमकी व्याख्या कायद्यात नाही. राज्यांनी निवडलेल्या नमुना पॉलिसी प्रौढ कामगारांच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून बेतलेल्या असल्याने वाचा-उपचार, श्रवणयंत्रे किंवा विकासातील विलंबावरील उपचार यांबाबत राज्याराज्यांत फरक पडला. दंतविमा वेगळा विकण्याची मुभा राहिली आणि तो घेण्याची सक्ती पालकांवर नाही. मेडिकेडमधील १९८९च्या दंडकाशी तुलना करता ही बाजू दुबळी म्हणावी लागते.

मेडिकेडचा विस्तार आणि पालकांचा विमा

दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना मेडिकेड देण्याची मूळ योजना होती. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांच्या इच्छेवर सोपवला. मुलांसाठीची मर्यादा मात्र सर्व राज्यांत वाढली. पूर्वी एकाच घरातील पाच वर्षांची मुलगी मेडिकेडमध्ये आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ चिपमध्ये असे विचित्र चित्र दिसे. ६ ते १८ वयोगटाची मर्यादाही १३८ टक्के झाल्याने २०१४पासून अनेक राज्यांत अशी भावंडे एका योजनेत आली.

याहून व्यापक परिणाम अप्रत्यक्ष होता. पालकांना विमा मिळाला, की ते मुलांचीही नोंदणी करतात. ज्यूली हडसन आणि असाको मोरिया यांच्या २०१७मधील अभ्यासानुसार, प्रौढांसाठीच्या विस्तारामुळे आधीच पात्र असलेली सुमारे सात लाख मुले नव्याने नोंदली गेली. या मुलांच्या पात्रतेत काहीही बदल झालेला नव्हता. बदल झाला तो त्यांच्या आईवडिलांच्या स्थितीत. विस्तार न स्वीकारणाऱ्या टेक्ससमध्ये विमा नसलेल्या मुलांचे प्रमाण २०२२ आणि २०२३मध्ये ११ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून अधिक होते. मॅसॅच्युसेट्समध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहते.

कायद्यातील एक उणीव मुलांना विशेष जाचक ठरली. मालकाकडून मिळणारा विमा ‘परवडणारा’ आहे की नाही, हे केवळ कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या हप्त्यावरून ठरवले जाई. कुटुंबासाठीचा हप्ता कितीही मोठा असला, तरी पत्नी-मुलांना विमा-बाजारातील अनुदान मिळत नसे. ‘कुटुंबविषयक त्रुटी’ म्हणून ओळखला जाणारा हा दोष ऑक्टोबर २०२२मध्ये नियम बदलून दूर करण्यात आला आणि २०२३पासून त्याचा लाभ मिळू लागला.

२०१७ नंतरचा काळ

२०१७ साली कायदा रद्द करण्याचे प्रयत्न झाले. २८ जुलै २०१७च्या पहाटे सेनेटमध्ये जॉन मॅकेन यांच्या विरोधी मताने त्यांतील शेवटचा ठराव फेटाळला गेला. या धामधुमीत ३० सप्टेंबर २०१७ रोजी चिपच्या निधीची मुदत संपली. कोलोरॅडोसह काही राज्यांनी विमा बंद होऊ शकतो अशी पत्रे पालकांना धाडली. जानेवारी २०१८मध्ये सहा वर्षांची आणि फेब्रुवारीत आणखी चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. दहा वर्षांच्या मुदतवाढीने सरकारचा खर्च वाढणार नसून उलट सुमारे सहा अब्ज डॉलर वाचतील, असे काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे अनुमान होते. चिप बंद झाली असती, तर हीच मुले अधिक महाग अशा अनुदानित खासगी विम्यात गेली असती. पुढे ही मुदत २०२९पर्यंत वाढली.

२०१६ ते २०१९ या काळात अर्थव्यवस्था सुस्थितीत असूनही विमा नसलेल्या मुलांची संख्या सुमारे ३६ लाखांवरून ४४ लाखांवर गेली. सरकारी लाभ घेणाऱ्या स्थलांतरितांच्या कायम वास्तव्याच्या अर्जावर प्रतिकूल परिणाम होईल, अशा आशयाच्या नियमाची तेव्हा चर्चा होती. मुले स्वतः अमेरिकी नागरिक असूनही भीतीपोटी अनेक पालकांनी त्यांची नावे काढून घेतली. हा नियम २०२१मध्ये रद्दबातल झाला.

महासाथ, सलग संरक्षण आणि गळती

मार्च २०२०मधील कायद्याने महासाथीच्या काळात मेडिकेडमधून कोणालाही कमी करू नये, या अटीवर राज्यांना जादा निधी दिला. तीन वर्षे नूतनीकरणाचा व्याप थांबला आणि विमा नसलेल्या मुलांचे प्रमाण घटले. ३१ मार्च २०२३ रोजी ही अट संपली. त्यानंतर सर्व वयोगटांतील मिळून अडीच कोटी लोकांची नावे कमी झाली. त्यांतील दोनतृतीयांशाहून अधिक लोक अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर पत्र जुन्या पत्त्यावर गेले, अर्ज परत आला नाही किंवा कागद अपुरे होते, अशा कारणांनी बाहेर पडले.

याच काळात उघडकीस आलेला एक दोष बोलका आहे. सरकारकडे आधीच असलेल्या माहितीवरून नूतनीकरण आपोआप व्हावे, असा नियम होता. पण अनेक राज्यांच्या संगणक प्रणाली संपूर्ण कुटुंबाला एकच घटक मानत होत्या. आईचे उत्पन्न प्रौढांच्या मर्यादेपेक्षा किंचित अधिक निघाले किंवा तिचा अर्ज आला नाही, की मुलांचेही नाव कमी होई. वास्तविक मुलांची उत्पन्नमर्यादा बरीच वरची असल्याने ती पात्रच होती. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना प्रणाली तपासण्यास सांगितले. जवळजवळ तीस राज्यांत हा दोष आढळला आणि सुमारे पाच लाख व्यक्तींचा विमा पूर्ववत करण्यात आला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

१ जानेवारी २०२४पासून मेडिकेड आणि चिपमधील १९ वर्षांखालील प्रत्येक मुलाला सलग बारा महिने संरक्षण देणे सर्व राज्यांना बंधनकारक झाले. मधल्या काळात पालकांनी काही महिने जादा काम केले आणि उत्पन्न वाढले, तरी मुलाचा विमा जात नाही. मासिक हप्ता थकल्यास चिपमधील मुलाला या बारा महिन्यांत काढता येणार नाही, या केंद्राच्या भूमिकेला फ्लॉरिडाने न्यायालयात आव्हान दिले. ओरेगनने याच्याही पुढे जाऊन जन्मापासून सहा वर्षांपर्यंत अखंड मेडिकेड देण्याची परवानगी २०२२ साली मिळवली होती आणि अन्य काही राज्यांनी तिचे अनुकरण केले.

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने विस्तारित मेडिकेडमधील प्रौढांसाठी कामाची अट आणि दर सहा महिन्यांनी पात्रता-तपासणी आणली. मुलांना या अटी लागू नाहीत. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांनाही कामाच्या अटीतून सूट आहे. त्याच महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की एक वर्षाहून अधिक काळाच्या सलग संरक्षणासाठी यापुढे नव्या परवानग्या दिल्या जाणार नाहीत आणि ओरेगनसारख्या राज्यांना दिलेल्या परवानग्यांची मुदत संपल्यावर त्या वाढवल्या जाणार नाहीत.